अळणी रविवार

सांगली-सातारा-सांगली ही सायकल राईड खरं तर थंडीत व्हायला हवी. पण थंडीत या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांना मागे दिवा नसतो आणि कडेला सांडलेल्या उसावरून चाक घसरतं. म्हणून क्लबनं ही राईड कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये घ्यायला सुरुवात केली. ट्रॅक्टरपेक्षा ऊन परवडलं, यावर बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं होतं.

सन्मती पाटील त्या बैठकीला हजर होता आणि त्यानंही हात वर केला होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं पंपाचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. चाळिशी ओलांडल्यावर तो सायकलकडे वळला आणि लेथवर काम करताना जसा काटेकोर असायचा, तसाच तिथंही राहिला. चेनला तेल किती घालायचं, टायरमध्ये हवा किती ठेवायची, घाट कुठल्या गिअरवर चढायचा, हे सगळं तो ठरवून ठेवायचा. उन्हात घामावाटे मीठ जातं आणि ते परत घ्यावं लागतं हेही त्याला माहीत होतं. क्लबच्या नव्या पोरांना तोच ते समजावून सांगायचा.

अडचण रविवारची होती. सन्मतीची आई आक्काताई लग्न होऊन घरात आली तेव्हापासून रविवारी मीठ खात नव्हती. जैन घरांमध्ये वारानुसार एकेक रस, म्हणजे तूप, दूध, साखर असं काही, सोडायचा नेम असतो, त्यात रविवारी मीठ. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायू झाला, बोलणं तुटक झालं, अंथरूण सुटेना. डॉक्टरांनी सगळे नेम बंद करायला सांगितले. बाकीचे तिनं सोडले. रविवारी मात्र पेज भरवायला गेलं की ती ओठ घट्ट मिटायची. घरच्यांनी अळणी पेज करून पाहिली, तीही ती घेईना. चोरून मीठ घालतील अशी तिला शंका होती. सलग काही रविवार ती उपाशी राहिल्यावर सन्मती तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "आई, तुझा रविवार आता मी पाळतो. तू खा." त्या दिवशी तिनं तोंड उघडलं. तेव्हापासून दर रविवारी पहिला घास घेण्याआधी ती त्याच्याकडे बघायची. त्यानं मान हलवली की खायची.

एरवी हे जड जात नव्हतं. रविवारी सकाळी तो तासगावपर्यंत जाऊन ऊन व्हायच्या आत घरी यायचा. पण यंदा राईड रविवारी होती आणि दिवसभराची होती.

पहाटे विश्रामबागच्या चौकात सायकली जमल्या तेव्हा त्याची बायको चंदना स्कूटरवरून त्याला सोडायला आली होती. खजूर, केळी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू तिनं त्याच्या पिशवीत भरले होते. सगळं अळणी. शेजारीच वीरधवल हवा तपासत होता. तो लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, तासगावजवळच्या गावचा, आता कुपवाडच्याच एका कारखान्यात सुरक्षा बघणारा. दोघं नेहमी बरोबर सायकल चालवायचे. मागच्या वर्षी सन्मतीची चेन तुटली आणि दोघं राईडच्या ठरलेल्या वेळेत पोचू शकले नव्हते. वीरधवलला एकट्याला पुढं जाता आलं असतं, पण तो थांबला होता.

"भाऊजी, यांच्याकडं लक्ष ठेवा," चंदना म्हणाली.

"वहिनी, मी हाय की. पाण्याला कमी पडू देत न्हाई बघा."

"हवालदारानं राजस्थानात अख्खी पलटण पाणी पाजून जगवलीय," सन्मती म्हणाला. "मी एकटा काय जड हाय त्याला!"

यात थोडंसं खरं होतं. बाडमेरकडच्या सरावात वीरधवलच्या डोळ्यांदेखत एक जवान उन्हानं पडला होता. ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी, कातडी कोरडी. तेव्हापासून उन्हाचं संकट म्हणजे पाण्याचा तुटवडा, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

जाताना त्रास झाला नाही. पेठ नाक्याला हायवे लागला तेव्हा नुकतं उजाडत होतं. कऱ्हाडला चहा झाला. वीरधवलनं चहाबरोबर खारी खाल्ली, सन्मतीनं केळं. वीरधवलच्या खिशात मीठ-साखरेच्या ओआरएसच्या पुड्या होत्या. दर थांब्याला एक पुडी तो आपल्या बाटलीत टाकायचा, मग सन्मतीची बाटली काठोकाठ साध्या पाण्यानं भरायचा आणि म्हणायचा, "पी." सन्मती प्यायचा. मीठ घेता येत नाही तर निदान पाण्यात कसर नको, असा त्याचाही हिशेब होता. हा हिशेब चुकीचा आहे, हे दोघांपैकी कुणालाही माहीत नव्हतं. मीठ जात राहिलं आणि वरून नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं उरलंसुरलं मीठ आणखी पातळ होतं. पण तहानेनं माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं; पाण्यानंही मरतो हे ऐकलेला माणूस विरळा.

साताऱ्याच्या अलीकडे एका धाब्यावर क्लबचा थांबा होता. तिथं लालासाहेब सायकलवाल्यांच्या कार्डांवर वेळेत पोचल्याचे शिक्के मारत बसला होता. तो क्लबचा जुना माणूस. मागून जीप घेऊन येणं आणि थकलेल्यांना उचलणं हे काम दर वर्षी त्याच्याकडे असायचं. त्यानं पातेल्यात लिंबू सरबत कालवून ठेवलं होतं, मीठ घालून.

"घे की, पाटील."

"आज रविवार."

"आरं, बाटलीत काय हाय ते देवाला काय कळतंय?"

"देवाचा काय संबंध? मला कळतंय की."

"अवघड हाय तुझं," लालासाहेब म्हणाला आणि त्याच्यासाठी मुद्दाम एक लिंबू नुसत्या साखरेत पिळून दिलं. सन्मती दोन पेले प्यायला. वर वीरधवलनं दिलेली पाण्याची बाटली.

परतीचा रस्ता पूर्वेकडून होता. रहिमतपूर, पुसेसावळी, विटा, तासगाव. हायवेची झाडं आणि कृष्णेकाठचा ऊस मागे पडला. इथं माळ होता, कुसळं होती, आणि तापलेल्या डांबरावरून चाक फिरताना चिकटल्यासारखा आवाज येत होता. रहिमतपूरच्या रसवंतीत सन्मतीनं बिनमिठाचा रस घेतला. पोट फुगल्यासारखं वाटतंय, म्हणाला.

"रस जड असतो," वीरधवल म्हणाला. "वरनं पाणी पी. हलकं हुईल."

रहिमतपूर सोडल्यावर सन्मतीचं डोकं दुखू लागलं. पिंडऱ्यांत गोळे आले. तो दोनदा उतरला, पाय चोळले, पुन्हा बसला. एरवी घाटात मागे टाकणारा माणूस साध्या चढावर मागे राहायला लागला. वीरधवलनं मागे वळून पाहिलं. सन्मतीचे ओठ ओले होते, कपाळावर घाम होता. कोरडेपणाची एकही खूण नाही. म्हणजे पाणी पुरतंय, असं त्यानं धरलं.

पुसेसावळीत ते एका चिंचेखाली थांबले. सन्मती खोडाला टेकून डोळे मिटून बसला. वीरधवल बाटल्या भरायला समोरच्या दुकानात गेला. भरून झाल्यावर त्यानं खिशातून एक पुडी काढली, दातानं फाडली आणि सन्मतीच्या बाटलीत रिकामी केली. बाटली हलवली. पाणी क्षणभर धुरकट झालं, मग स्वच्छ दिसायला लागलं. नारळपाणी आहे सांगितलं असतं तरी खपलं असतं.

त्यानं बाटली सन्मतीच्या हातात दिली. सन्मतीनं झाकण उघडलं, तोंडाला लावायला वर नेली.

"थांब," वीरधवल म्हणाला. "पुडी घातलीया त्यात."

सन्मतीनं बाटली खाली घेतली. रागावला नाही. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला आणि ती चिंचेच्या बुंध्याशी ओतली.

"लेका, पिंडऱ्या बघ तुझ्या! कापडासारख्या पिळवटायला लागल्यात. तुझ्या म्हाराजाला इचारलं तर न्हाई म्हणतील व्हय?"

"आजारी माणसाला घेता येतं. औषधाला सूट असतीया. पण हौसेला न्हाई, हवालदार. मी हितं हौसेनं आलोय."

"मग हो की आजारी!"

"झालो, तर सायकल लालासाहेबाच्या जीपमधी जाणार. आजारी माणूस घरी जातो, तो काय विट्याला सायकल मारत जात न्हाई. बोल, घालायची का जीपमधी?"

वीरधवलनं मनाशी हिशेब केला. उरलेल्या अंतराचा आणि उरलेल्या वेळेचा मेळ अजून बसत होता. मागच्या वर्षी तो याच्यासाठी थांबला होता. सन्मतीलाही ते आठवत असणार, कारण त्यानंच पुढं म्हटलं, "मागच्या बारीला माझ्यापायी बसलास. ह्या बारीला न्हाई बसवत तुला."

"मग उठ."

उठताना सन्मतीनं हातमोजे काढायचा प्रयत्न केला. निघेनात. बोटं सुजून मोज्याच्या कडेला वळ उठले होते. वीरधवलनं ते पाहिलं. बाडमेरच्या जवानाची बोटं सुजली नव्हती, हेही त्याच्या मनात आलं. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "विट्यात बघू." दुकानात परत जाऊन त्यानं सन्मतीची बाटली पुन्हा भरून आणली. साध्या पाण्यानं.

विट्याच्या अलीकडची गावं गलाईवाल्यांची. सोनं गाळायच्या धंद्यात इथली माणसं देशभर पांगलेली आहेत. गावात त्यांचे दोन-दोन मजली बंगले आहेत, संगमरवरी पायऱ्यांचे, आणि वर्षातले बरेच महिने ते कुलूपबंद असतात. त्या बंगल्यांच्या रांगेतून जाताना सन्मती एकदम म्हणाला, "तानाजी, लेथ बंद कर."

तानाजी हा त्याच्या वर्कशॉपमधला कामगार.

वीरधवल हसला. "आज सुट्टी हाय त्याला, शेठ."

"बंद कर म्हणतो न्हवं! आवाज लय येतोय."

वीरधवलनं वळून पाहिलं. सन्मती रस्त्याच्या मधोमध चालवत होता. हँडल कधी इकडे, कधी तिकडे. तोंडावर हसू नव्हतं. वीरधवल "कडेला घे, कडेला घे" म्हणत ओरडला आणि सायकल टाकून पळत मागे आला, तोवर सन्मती एका बंगल्याच्या फाटकापाशी उतरल्यासारखा खाली बसला आणि ओकला. बाहेर पडलं ते नुसतं पाणी. इतकं पाणी माणसाच्या पोटात मावतं हे वीरधवलनं कधी पाहिलं नव्हतं.

"पाटील, तू आजारी हाईस," तो म्हणाला. "ऐकतोयस न्हवं? आता तू आजारी हाईस. आता चालतंय. मी सांगतो चालतंय."

सन्मतीनं त्याच्याकडे पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही.

बंगल्याची राखण करणारी बनुबाई म्हणून एक म्हातारी मागच्या खोलीतून धावत आली. हातात तांब्या. "आगं बया, उन्हानं पडलं की पोरगं! पाणी पाजा, पाणी!" तिनं तांब्या सन्मतीच्या तोंडाला लावला. वीरधवलनं तो धरून खाली ठेवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ओकारीतलं ते पाणी बघून त्याला पहिल्यांदा पाण्याची भीती वाटली होती. त्यानं पुडी फाडून भुकटी तळहातावर घेतली आणि बोटानं सन्मतीच्या ओठांत सारायला लागला. दात घट्ट बसले होते. भुकटी हनुवटीवरून छातीवर सांडली. मग सन्मतीचं अंग ताठ झालं आणि झटके यायला लागले.

लालासाहेबाची जीप मागून पोचली तेव्हा बनुबाई सन्मतीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि वीरधवल फोनवर कुणाला तरी गावाचं नाव सांगत होता. त्याला ते धड सांगता येत नव्हतं.

विट्यातल्या एका खासगी दवाखान्यात डॉ. रेश्मा ड्यूटीवर होती. तरुण, बोलायला कमी. सन्मतीला टेबलावर घेतल्याबरोबर तिनं विचारलं, "पाणी किती प्यायले?"

"भरपूर," वीरधवल म्हणाला. "पाण्याला कमी पडू दिलं न्हाई, मॅडम. दर थांब्याला बाटली."

तिनं मान वर केली. "आणि मीठ? सरबत, ओआरएस, खारे शेंगदाणे, काही?"

"न्हाई. आज रविवार."

तिला कळलं नाही. विचारत बसायला वेळही नव्हता. तिनं रक्त तपासायला पाठवलं, पण आकडा यायची वाट न बघता कडक मिठाचं सलाईन लावायला सांगितलं, झटक्याचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिका बोलावली. आकडा आला तेव्हा तो तिनं दोनदा वाचला. मग बाहेर येऊन वीरधवल आणि लालासाहेबाला सांगितलं, की रक्तातलं मीठ इतकं पातळ झालंय की मेंदूला सूज आलीय, आणि इथं यंत्रं नाहीत, मिरजेला न्यावं लागेल.

"तो मीठ खात नव्हता म्हणून व्हय?" लालासाहेबानं विचारलं.

"नुसतं तेवढ्यानं नाही. एक दिवस मीठ नाही खाल्लं तर कुणी असं होत नाही. मीठ घामातून जात राहिलं आणि वर हे एवढं पाणी."

वीरधवल म्हणाला, "पुसेसावळीत एक बाटली मिठाची प्याला असता तर?"

"सांगता येत नाही. ते सुजलेले हात तेव्हा होते?"

"व्हते."

"तेव्हाच थांबून पाणी बंद केलं असतं तर," डॉक्टर म्हणाली आणि आत गेली. वाक्य तिनं पुरं केलं नाही.

मिरजेच्या अतिदक्षता विभागात सन्मतीला शुद्ध आली नाही. सोमवारी दुपारी डॉक्टरांनी चंदनाला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्याचे हातमोजे होते, कात्रीनं उभे कापलेले.

वीरधवल कॉरिडॉरच्या टोकाला उभा होता. रात्रभर तो तिथंच होता. राईडचे कपडे अजून अंगावर, घामाचे पांढरे वळ वाळलेले. चंदना त्याच्यासमोर येऊन थांबली.

"लालासाहेब भाऊजींना तुम्ही सांगितलंत म्हणे, बाटलीत पुडी घातली होती."

"व्हय."

"मग सांगितलंत का?"

"त्याचा नेम, वहिनी. त्याला फसवून मोडायचा…"

"मोडला असता तर मी प्रायश्चित्त घेतलं असतं. तुम्ही घेतलं असतं. ते जमण्यासारखं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "बरं, सांगितलंत. त्यांनी ओतली. आजारी माणसाला सूट असते, हे तुम्हाला बोलले का ते?"

"बोलला."

"मग ते आजारी दिसत नव्हते?"

वीरधवलनं भिंतीकडे पाहिलं. खोटं बोलायला जागा होती. पुसेसावळीत त्या चिंचेखाली त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"दिसत व्हता," तो म्हणाला. "मीच म्हणलं, विट्यात बघू. आजारी म्हणलं असतं तर जीपमधी जावं लागलं असतं. त्याला सोडून मी गेलो नसतो, म्हंजी दोघांनाबी."

वॉर्डबॉय कागदांवर चंदनाची सही घ्यायला आला. तिनं सही केली, त्याला पेन परत दिलं. मग म्हणाली, "आईंना सांगायला तुम्ही चला. माझ्यानं होणार नाही. गेला एवढंच सांगा. मिठाचं काढू नका. आपल्या नेमापायी पोरगा गेला असं त्यांना वाटलं, तर उद्यापासून त्या तोंड उघडणार नाहीत."

घरी शेजारच्या बायका ओसरीवर जमल्या होत्या. वीरधवल आतल्या खोलीत गेला. आक्काताई खाटेवर उशांना टेकून बसली होती. रविवारी सन्मती घरी आला नव्हता, त्यामुळे तिनं कालच्या सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि सोमवारचंही ताट झाकून तसंच बाजूला होतं. वीरधवल खाटेच्या कडेला खाली बसला. त्यानं तिचा चांगला हात धरला आणि सांगितलं. आक्काताईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. रडण्याचा आवाज नीट निघत नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "क… कशानं?"

"उन्हानं, आक्का. लय ऊन व्हतं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. शब्द तुटत होते, पण प्रश्न स्पष्ट होता. काल त्यानं पाळलं का?

वीरधवलनं दाराकडे पाहिलं. चंदना उंबऱ्यात उभी होती. ‘नाही’ म्हणून सांगा, असं तिनं मान हलवून खुणावलं.

"न्हाई, आक्का," वीरधवल म्हणाला. "साताऱ्यात सरबत प्याला. मिठाचं. मीच पाजलं."

आक्काताईनं त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला. ओढलेलं तोंड तिनं भिंतीकडे फिरवलं आणि नंतर चंदनानं कितीदा हाक मारली तरी ते परत वळवलं नाही.